फुलांच्या काड्या पाण्यातच कापा
महाद्वार रोडवरनं निशिगंधाच्या नाहीतर गुलाबाच्या काड्या आणल्या आणि फ्लॉवरपॉटमध्ये ठेवल्या की दुसऱ्या दिवशीच माना टाकतात, पॉट पाण्यानं भरलेला असतो तरीपण. कारण येताना देठाच्या टोकात हवा शिरलेली असते, त्यामुळं पाणी वर चढतच नाही.

घरी आल्या आल्या हे करा:

१. पातेल्यात पाणी घ्या, देठाचं टोक त्यात बुडवा आणि पाण्याच्या आतच बोटाच्या एका पेराएवढं तिरकं कापा. धारदार सुरीच पाहिजे, बोथट कात्रीनं देठ चेंगरतो, मग आतल्या बारीक नळ्या दबतात आणि सगळी मेहनत वाया.
२. कापलं की लगेच पॉटमध्ये, टोकावरचं पाणी वाळायच्या आत.
३. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती कुजतात आणि पाणी चिकट होतं, तेच मग देठात अडकतं.
४. रोज पाणी बदला, एक दिवसाआड परत थोडं कापा.

मान टाकलेला गुलाबसुद्धा असा कापून, गळ्यापर्यंत पाण्यात दोन-तीन तास सावलीत ठेवला की बऱ्याचदा ताठ होतो, खरंच करून बघा.

फक्त पॉटशेजारी पिकलेली केळी ठेवू नका, त्यांच्या वायूनं फुलं लवकर कोमेजतात.