नव्या अधिकाऱ्याने कार्यालय सुधारण्याची सुरुवात कोठून करावी

तालुका पातळीवरील कार्यालयाचा कार्यभार प्रथमच स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याला सुधारणा म्हटले की बहुधा नवी संगणक प्रणाली आणि रंगरंगोटी आठवते. महसूल प्रशासनातील अनुभवावरून मी आग्रहाने सांगेन की, सुरुवातीचे काही आठवडे कार्यविवरण नोंदवह्या, म्हणजे प्रत्येक लिपिकाकडे आलेल्या आणि निकाली निघालेल्या कागदांच्या नोंदी, वाचाव्यात. त्यावरून कोणते प्रकरण कोणत्या कार्यासनावर (टेबलावर) किती काळ थांबते ते कळते. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात राबवलेल्या आणि पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखल्या गेलेल्या सुधारणांतही अभिलेखांच्या नीट वर्गीकरणाला मोठे स्थान होते.

विलंब रोखणारे कायदे आपल्याकडे आहेत. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातील विलंबास प्रतिबंध यांविषयीच्या महाराष्ट्राच्या 2005 च्या अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती (फाइल) एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित, म्हणजे शासनाने जाहीर केलेल्या, सेवांसाठी मुदत, अपील आणि 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. परंतु ही मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते, आणि खरी अडचण तेथेच आहे. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी वाढली की आज एक त्रुटी, चार दिवसांनी दुसरी, असे होत राहते. कागदोपत्री मुदत कोठेच मोडत नाही आणि अर्जदाराची मजुरी मात्र प्रत्येक खेपेला बुडते. मला हे अत्यंत अन्यायकारक वाटते. म्हणून सर्व त्रुटी अर्ज स्वीकारतानाच, एकदाच आणि लेखी कळवाव्यात, असा कार्यालयीन आदेश मी काढत असे आणि परत गेलेले अर्ज दर सोमवारी स्वतः पाहत असे. एवढ्या एका गोष्टीने हेलपाटे जितके कमी झाले, तितके इतर कशानेही झाले नाहीत.

मासिक बैठकीत थकीत प्रकरणांवरून लिपिकाला सर्वांसमोर बोलू नये. रिक्त पदांमुळे त्याच्याकडे दोन कार्यासनांचा भार असू शकतो, आणि दंडाच्या धाकाने तो प्रकरणांची निर्गती (निपटारा) वाढवण्याऐवजी त्रुटीच अधिक काढू लागतो. अव्वल, म्हणजे वरिष्ठ, कारकुनासोबत बसून कामाची फेरवाटणी करणे अधिक उपयोगी ठरते.

एका पदावरील आपला सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा असतो. त्यामुळे बसवलेली प्रत्येक पद्धत कारणांसह लिहून स्थायी आदेश संचिकेत ठेवावी आणि कार्यभार सोपवताना तिचा उल्लेख हस्तांतरण टिपणीत आवर्जून करावा.