गॅस नव्हे, सेन्सर!
भुसावळचा मे, बाहेर 45 अंश, आणि आईच्या खोलीतला एसी दोन मिनिटांत कॉम्प्रेसर बंद करून नुसता वारा मारायचा. मेकॅनिक म्हणाला, गॅस कमी. मला पटेना, कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत हवा गारेगार यायची.

मेन स्विच बंद करून जाळी काढली. कॉइलसमोर क्लिपमध्ये अडकवलेला, काळ्या मण्याएवढा, खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर. सॉकेटमधून सोडवून मल्टिमीटरने त्याचा विद्युतरोध मोजला: 16 किलोओहम! हा 25 अंशांना 10 दाखवणारा. उकाडा वाढला की आकडा उतरायला हवा. खोलीत 36 अंश, म्हणजे सव्वासहाच्या आसपास हवा होता. 16 म्हटल्यावर एसीला खोली पंधरा अंशांची वाटणार, तो थांबणारच. कॉइलच्या पाइपचं तापमान बघणारा सेन्सरही मोजला, ठीक निघाला.

नवा 10 किलोओहमचाच बसवला. 5 चा चालत नाही, एसीला खोली कायम तापलेलीच वाटणार, तो थांबायचं नावच घेणार नाही. त्या रात्री आईने गोधडी मागितली.