नारळाच्या दुधातलं कोलंबीचं कालवण, दूध न फुटू देता

कोलंबीच्या कालवणात मसाला थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन गोष्टी मात्र ताटात पडल्या पडल्या कळतात: कोलंबी रबरासारखी चिवट झाली, किंवा नारळाचं दूध फुटलं. दूध फुटलं की चव फारशी जात नाही, पण रस अंगचा सुटतो. वर पाणचट तेल, खाली रव्यासारखे पांढरे कण, आणि भातावर घातलं की पाणी एकीकडे, चोथा एकीकडे.

आमच्याकडे रोजच्या कालवणाला ओल्या खोबऱ्याचं वाटप, म्हणजे बारीक वाटलेलं खोबरं असतं. ते कितीही उकळा, काही बिघडत नाही. दूध काढून केलेलं कालवण म्हणजे पाहुणे यायचे असतील तेव्हाचं, किंवा एखाद्या रविवारी हाताशी वेळ असेल तेव्हाचं. सगळी मेहनत दूध काढण्यात जाते. प्रत्यक्ष चुलीवरचं काम अर्ध्या तासाचंसुद्धा नाही.

चार जणांसाठी लागेल ते असं. डोक्यासकट अर्धा किलो मध्यम कोलंबी (सोलून निम्मीच उरते), एक मोठा नारळ, सात-आठ ब्याडगी मिरच्या, एक मोठा चमचा धणे, पाच-सहा मिरी, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, अर्धा चमचा हळद, एक मध्यम कांदा, चार-पाच आमसुलं, दोन हिरव्या मिरच्या, दोन मोठे चमचे तेल आणि मीठ. टोमॅटो नाही, गरम मसालाही नाही. ज्यांना घालायचा त्यांनी घालावा, पण मग नारळ फोडायचे कष्ट कशाला घेतले असं मला वाटतं.

कोलंबी घेताना

बाजारात आधी डोकं बघा. कोलंबीचं पोट म्हणजे पचनाचा सगळा कारभार डोक्यातच असतो, त्यामुळे नासायची सुरुवातही तिथूनच होते. डोकं धडाला घट्ट असेल, कवच चकचकीत असेल तर घ्या. डोकं लोंबकळत असेल, काळं पडलं असेल, किंवा नाकाला अमोनियासारखी झणझण लागली तर भाव कितीही पाडून दिला तरी नको. समुद्राचा वास चालतो, तो असायलाच हवा.

१ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा बाजारात खाडीची कोलंबी येते, नाहीतर तळ्यांत वाढवलेली वन्नामेई. ही मूळची पॅसिफिककडची जात आता आंध्रात फार मोठ्या प्रमाणावर पिकते. दिसायला छान, एकसारखी, पण चवीला जरा मवाळ. तिचं कालवण करायचं असेल तर सालं टाकू नका. कोळीणबाईंकडून सोलून घेत असाल तर डोकी आणि सालं वेगळ्या पिशवीत मागून घ्या. धुऊन, दोन वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळायची, डावाने डोकी जरा दाबायची आणि गाळून घ्यायचं. ते नारिंगी पाणी पुढे साध्या पाण्याच्या जागी वापरायचं. समुद्राच्या कोलंबीलाही हे केलंत तर बिघडत काहीच नाही.

साफ करताना साल काढा, शेपटीचं टोक राहू द्या. पाठीतला काळा दोरा काढायला बरेच जण सुरीने उभी चीर देतात. तळायची असेल तर ठीक, पण कालवणात चिरलेली कोलंबी फुलासारखी उलटते आणि लवकर कोरडी पडते. त्याऐवजी कोलंबी बोटांत वाकवून धरा, डोक्याकडून दुसऱ्या-तिसऱ्या सांध्याच्या फटीत टूथपिक आडवी खुपसा आणि हळू वर उचला. दोरा कमानीसारखा वर येतो. मग चिमटीत धरून ओढला की अख्खा सुटतो. पहिल्या चार-पाच तुटतील, नंतर हात बसतो.

साफ कोलंबीला हळद आणि अर्धा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा. लिंबू किंवा आगळ (कोकमाचा आंबट रस) लावू नका, आंबटाने ती चुलीवर जायच्या आधीच आवळायला लागते.

दूध काढणं

नारळ कानाशी हलवून पाणी वाजतंय ना ते बघा. फार जून, आत खोबरं सुटायला आलेला नारळ वाटपाला चालेल, दुधाला नको; त्यातून दुधापेक्षा तेल जास्त निघतं. शहाळ्याकडे झुकलेला कोवळा नारळही नको, त्याचं दूध पाणीच.

खवताना करवंटीच्या अगदी तळाशी जाऊ नका, तपकिरी साल आली की दूध मळकं दिसतं. खवलेलं खोबरं मिक्सरमध्ये घाला आणि त्यात पाऊण वाटी कोमट पाणी. कोमट म्हणजे बोट सहज बुडवता येईल इतपत. मी एकदा फ्रिजमधलं खोबरं तसंच गार पाण्यात फिरवलं होतं. झाकण उघडलं तर आतून सगळीकडे लोण्याचे गोळे चिकटलेले आणि खाली निळसर पाणी. नारळाची चरबी थंडीत थिजते आणि मिक्सरने तिचं लोणीच निघतं. तेव्हापासून फ्रिजमधलं खोबरं आधी तासभर ओट्यावर.

एक मिनिट फिरवून पातळ सुती फडक्यात ओता आणि पिळा. मनगट दुखेपर्यंत पिळा, कारण खरी साय शेवटच्या पिळ्यात येते. हे पहिलं, दाट दूध. साधारण वाटीभर निघेल. ते बाजूला झाकून ठेवा. तोच चोथा पुन्हा मिक्सरमध्ये घालून दोन वाट्या कोमट पाणी घाला, फिरवा, पिळा. हे दुसरं, पातळ दूध. दोन्ही एकाच भांड्यात मिसळायचा मोह होतो, कारण शेवटी सगळं एकाच पातेल्यात जाणार असतं. मिसळू नका.

कारण सोपं आहे. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे चरबीचे बारीक थेंब. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती नारळातल्याच प्रथिनांचं पातळ आवरण असतं. रस ८० अंशांच्या आसपास गेला की ती प्रथिनं आकसतात, आवरण फाटतं, थेंब एकत्र येतात आणि तेल वर येतं. आंबट पडलं की हे आणखी लवकर होतं. पातळ दुधात चरबीच कमी, शिवाय मसाल्याचं वाटण त्याला धरून ठेवतं, म्हणून ते उकळलं तरी चालतं. सगळी जपणूक दाट दुधाची. केरळात मीन मोलीला, म्हणजे नारळाच्या दुधातल्या माशाच्या कालवणाला, हिरवी मिरची, आलं, कढीपत्ता घालतात, आपली ब्याडगी तिथे नाही. पण दूध तिथेही पहिलं आणि दुसरं असं वेगळंच काढतात आणि पहिलं शेवटी घालतात.

डब्यातलं किंवा खोक्यातलं दूध वापरायचं असेल तर खुशाल वापरा. त्यात बहुधा स्थिर ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे ते उलट कमी फुटतं. २०० मिलीचं एक खोकं घ्या. निम्मं तसंच दाट ठेवा, निम्म्यात दीड वाटी पाणी मिसळून ते पातळ म्हणून धरा. परदेशात राहणाऱ्या माझ्या बहिणीचं कालवण असंच होतं आणि चांगलं होतं.

चुलीवर

ब्याडगी मिरच्यांच्या बिया झटकून त्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. धणे आणि मिरी कोरडेच, नुसता वास सुटेपर्यंत गरम करा. मिरच्या, धणे, मिरी, लसूण, हळद आणि पाव कांदा असं एकत्र, थोडं पातळ दूध घालत अगदी गंधासारखं वाटा. बोटांत चोळून कण लागले तर अजून फिरवा. दुधाच्या कालवणात भरड वाटण जिभेला लगेच टोचतं.

पातेलं जाड बुडाचं घ्या. लोखंडी कढई नको. आमसुलाचा आंबटपणा लोखंडाला लागला की रस काळपट होतो. तेल तापवून उरलेला कांदा बारीक चिरून घाला आणि गुलाबी होईपर्यंत परता, तपकिरी नको. मग वाटण. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत आणि कच्च्या लसणाचा वास जाईपर्यंत. इथे घाई केली तर पुढे कितीही उकळलं तरी तो वास जात नाही.

आता पातळ दूध, सालांचं पाणी काढलं असेल तर त्यातलं वाटीभर, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, आमसुलं आणि मीठ. मीठ जरा हात राखून, कोलंबीला आधीच लावलंय. सात-आठ मिनिटं चांगलं उकळू द्या. आंबटपणा आत्ताच, उकळत्या पातळ रसात उतरवून घ्यायचा. दाट दूध पडल्यावर आमसूल घालणं म्हणजे फुटायला आमंत्रण. एप्रिल-मे महिन्यात आमसुलांऐवजी कैरीच्या चार फोडी घाला, मिळाली तर बिंबलं (लांबट, हिरवी आंबट फळं). शेवग्याच्या शेंगा हव्यात तर त्या आधी वेगळ्या उकडून घ्या. तिरफळं मात्र बांगड्यासाठी ठेवा, कोलंबीच्या गोडव्यावर ती कुरघोडी करतात.

चव बघा. या टप्प्यावर रस जरा जास्तच तिखट, जास्तच आंबट लागला पाहिजे, कारण दाट दूध त्याला मवाळ करणार आहे.

उकळत्या रसात कोलंबी सोडा आणि घड्याळाकडे बघा. मध्यम कोलंबीला तीन मिनिटं पुरतात, मोठीला चार. काचेसारखी दिसणारी कोलंबी आधी कडेने पांढरी होते, मग तांबूस, आणि शरीर अर्धगोल वाकतं. त्याच वेळी थांबायचं. शेपूट डोक्याकडच्या टोकाला चिकटून बांगडीसारखा गोल झाला की समजा, उशीर झाला.

आता आच अगदी बारीक करा आणि मिनिटभर उकळी बसू द्या. दाट दुधाच्या वाटीत आधी पळीभर गरम रस घालून ढवळा, म्हणजे दुधाला एकदम चटका बसणार नाही. मग ते धारेने पातेल्यात ओता, एका हाताने ढवळत. झाकण ठेवू नका. आत वाफ कोंडून रस केव्हा उकळला ते कळत नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले, मधला भाग नुसता थरथरला, की गॅस बंद. पाहुण्यांसमोर जोखीम नको असेल तर दाट दुधात एक छोटा चमचा तांदळाचं पीठ कालवून घ्या. पीठ रसाला धरून ठेवतं. मात्र मग गॅस बंद करण्याआधी दोन मिनिटं जास्त मंद आचेवर ठेवावं लागतं, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते. म्हणून पीठ घालणार असाल तर कोलंबी मिनिटभर आधीच थांबवा.

तरीही फुटलंच तर? गॅस बंद करून वाटीभर रस कोलंबीशिवाय काढा, निववा, मिक्सरमध्ये फिरवून परत ओता. अगदी पहिल्यासारखं होत नाही, पण भातावर घालण्याजोगं होतं. आणि कडेला जो लालभडक, चकचकीत तवंग येतो तो फुटण्याचा नव्हे. तो वाटण नीट परतल्याचा आहे, त्याला घाबरू नका.

वाढण्याआधी दहा मिनिटं तसंच ठेवा. सोबत उकडा तांदूळ सगळ्यात चांगला, नाहीतर घावणे. चपातीबरोबर हा रस वाया जातो.

हीच पद्धत पापलेट किंवा हलव्याला चालते, फक्त तुकडे पडल्यावर डाव घालू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा. खेकडे आणि तिसऱ्यांना (शिंपल्यांना) मात्र दूध नको, त्यांना वाटपच हवं.

उरलं तर निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये, नारळाचं कालवण उन्हाळ्यात बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. ठेवण्याआधी आमसुलं काढून टाका, रात्रभरात रस फार आंबट आणि जांभळट होतो. दुसऱ्या दिवशी गरम करताना कोलंबी चमच्याने वेगळी काढा, रस मंद आचेवर वाफ येईपर्यंत गरम करा, मग कोलंबी परत घालून मिनिटभर आत गरम होऊ द्या.