पोराला शाळेत मदत पाहिजे? तोंडी सांगू नका, अर्जी द्या

माझा पोरगा आता नववीत आहे. वाचताना ओळ सुटते, अक्षरं अदलाबदल होतात, गणित तोंडी विचारलं तर फटाफट सांगतो खरं कागदावर आलं की सतराचे एकाहत्तर. तिसरीत होता तेव्हा एका शाळेत मॅडमनी सरळ सांगितलं की ह्याला दुसरीकडं बघा, आमच्यात जमणार नाही. मी गप्प ऐकून आले, बसमध्ये रडले, आणि पुढची दोन वर्षं नवीन शाळेत दर जूनला नवीन वर्गशिक्षकाला तीच सगळी कथा तोंडी सांगत बसले. सर हो हो म्हणायचे, ऑगस्टपर्यंत विसरायचे. त्यांचाही दोष नाही म्हणा, साठ पोरं असतात. नंतर एका ओळखीच्या बाईनी सांगितलं, अगं तू काय मागितलंस ते कुठं लिहून आहे का, आणि तिथनं गाडी रुळावर आली.

आधी एक गोष्ट, नेटवर बघून हुरळून जाऊ नका. मोबाईलवर शोधलं की आयईपी, 504 प्लॅन असलं काय काय येतं, ते अमेरिकेचं आहे. तिथं कायद्यानंच शाळेला अशा प्रत्येक पोराचा लेखी आराखडा करून आईबापाबरोबर बसावं लागतं. आपल्याकडं कायद्यात त्या नावाचा कागद नाही, त्यामुळं हेडमास्तरांच्या टेबलावर हात आपटून आयईपी द्या म्हटलं तर ते तुमच्याकडं बघत बसतील. खरं आपला कायदा पण कमी नाही. दिव्यांगजन हक्क कायदा 2016, त्यात कलम 16 आहे. सरकारी असो नाहीतर सरकारची मान्यता असलेली खासगी असो, शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, पोराच्या गरजेप्रमाणं सोय करायची, त्या पोरासाठी म्हणून वेगळी मदत द्यायची, शिकण्यातली अडचण लवकर ओळखायची आणि तो किती पुढं गेला ह्याची नोंद ठेवायची. म्हणजे आराखड्याचं नाव नाही खरं आराखड्यातलं सगळं आहे. अर्जीत "कलम 16 प्रमाणे" एवढे तीन शब्द घाला, बाकी भाषण नको.

आणि 40 टक्के दिव्यांगत्वाचं काय ते नीट समजून घ्या, कारण इथंच सगळे फसतात. मोफत शिक्षण 6 ते 18 वर्षापर्यंत, मोफत पुस्तकं-साधनं, पुढं सरकारी आणि अनुदानित कॉलेजात 5 टक्के जागा, ह्याला 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं. वर्गात पुढं बसवणे, फळ्यावरचं उतरवायला वेळ देणे ह्याला 40 टक्के लागत नाही. तरी शाळा म्हणते आधी सर्टिफिकेट आणा. आणा, खरं तोपर्यंत मदत थांबवू देऊ नका.

सर्टिफिकेट म्हणजे यूडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाईन अर्ज, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी. आपल्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात बहुतेक जण बेळगावच्या सिव्हिललाच जातात. 40 ते 79 टक्क्याला पिवळं कार्ड, 80 आणि त्याच्या वर निळं, 40 च्या खाली पांढरं. कार्ड देशभर चालतं, त्यामुळं उद्या कोल्हापूर-पुण्याला शिकायला गेला तरी परत काढायला नको. वाचन-लेखनाची अडचण असेल तर आठ वर्षं पुरी होईपर्यंत सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणून पहिलीतल्या पोराला घेऊन धावपळ करू नका, तोपर्यंत वह्या जपून ठेवा. मी सगळ्या वह्या रद्दीत घातल्या होत्या आणि मग डॉक्टरांनी नेमक्या त्याच मागितल्या.

तपासणीच्या वेळी एक गोष्ट मी आधीच मागायला पाहिजे होती, भाषा. आमच्या घरात मराठी, शाळा मराठी, आणि तपासणाऱ्या मॅडम हिंदीतनं आणि मधेमधे कानडीतनं विचारत होत्या. बाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, उंगली कट गयी तो क्या करोगे? पोरगा नुसता टेबलाकडं बघतोय. त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली. मला राहवेना, मी म्हटलं, बोट कापलं तर काय करतोस रे? तो लगेच, हळद लावतो, आणि आज्जीला सांगत नाही. मॅडम हसल्या, खरं म्हणाल्या आई तुम्ही मधे बोलू नका. पुढच्या वेळी मराठी येणारे ठरवून घेतले तेव्हा पोरगं मोकळं बोललं आणि रिपोर्टचा नूरच बदलला. तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की मुलाची भाषा मराठी आहे, आणि रिपोर्टमध्ये तपासणी कुठल्या भाषेत केली ते लिहायला लावा. नाहीतर न कळलेली भाषा बुद्धीच्या खात्यावर जमा होते.

आता शाळेतलं. हेडमास्तरांना विचारा की सॅट्समध्ये आणि यूडायसमध्ये, म्हणजे राज्याच्या आणि केंद्राच्या ऑनलाईन शाळा-नोंदीत, माझ्या पोराची विशेष गरजेचं मूल म्हणून नोंद आहे का. स्क्रीनवर दाखवा म्हणा. नोंद नसली की पुढं सगळंच अडतं, साहित्य, शिबिर, दहावीची सवलत, सगळं. मग तालुक्याच्या बीआरसीत, म्हणजे शिक्षण खात्याच्या साधन केंद्रात जायचं, तिथं समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेचे बीआयईआरटी असतात, म्हणजे अशा मुलांसाठीचे रिसोर्स टीचर. खानापूर असो निपाणी असो, प्रत्येक तालुक्याला बीआरसी आहे. आईनं जावं, कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसला तिकीट लागत नाही, तेवढाच फायदा! एकेका शिक्षकाकडं ढीगभर गावं असतात. सुप्रीम कोर्टानं 2021 मध्येच सांगितलंय की अशा प्राथमिकच्या 10 मुलांमागं आणि त्यावरच्या वर्गात 15 मुलांमागं एक विशेष शिक्षक पाहिजे, आपल्याकडं काय आहे ते तुम्हीच बघा. तरी त्यांना भेटा, शाळेला भेट कधी देणार ती तारीख वहीत लिहून घ्या. अशा मुलींना समग्र शिक्षातनं महिना 200 रुपये, 10 महिने भत्ता आहे, बऱ्याच जणांना माहीतच नसतं, तेही तिथंच विचारा.

आणि आराखडा तुम्हीच लिहायचा. होय की, तुम्हीच. शाळा करेल म्हणून थांबलात तर पोरगं दहावी होईल. एकच कागद, पाठपोट पण नको. वर नाव, वर्ग, सॅट्स नंबर. मग त्याला काय येतं ते आधी लिहा, कारण शिक्षक पहिल्या तीन ओळीच वाचतात आणि त्यात नुसती रडकथा असली की पोरगा कायमचा बिचारा होतो. मग कुठं अडतं. मग काय करायचं, आणि हे मोजता येईल असं लिहा. "लक्ष द्यावे" लिहिलंत की संपलं, त्याचा अर्थ काहीच होत नाही. आमच्या कागदावर असं होतं: दुसऱ्या बाकावर फळ्यासमोर बसवणे. वर्गात मोठ्यानं वाचायला उभं न करणे. गृहपाठाची पाच गणितं, दहा नाही. चाचणीत प्रश्न एकदा वाचून दाखवणे. शुद्धलेखनाचे मार्क फक्त भाषेत कापणे, विज्ञानात नाही. प्रत्येकापुढं कोण करणार आणि कधी बघायचं ते. शेवटची ओळ पोराला विचारून घातली, तो म्हणाला फळा पुसायच्या आधी मला विचारा म्हणावं. ती एकच ओळ सगळ्यात जास्त उपयोगी पडली!

हा कागद घेऊन वर्गशिक्षक आणि हेडमास्तर दोघांना एकत्र भेटा, सकाळच्या गडबडीत नको, शनिवारी शाळा सुटल्यावर बरं पडतं. जोडीला कुणीतरी न्या, आपण बोलताना त्यानं लिहून घ्यायचं. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीतला, म्हणजे शाळेच्या समितीतला, एखादा पालक न्या, वजन पडतं. त्यांनी काही बदल सुचवला तर घ्या, शिक्षकाला पण वर्ग चालवायचाय. मग दोन प्रती, एकीवर सही शिक्का आणि तारीख, ती आपली पोच. पोच देत नाहीत? रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती फाईलला लावा.

भाषेचं सांगते, कुणी रागावू नका. शाळेतल्या कागदाला मराठी चालते, खरं बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला आणि वर जाणारी अर्जी कानडीत असली की फाईल पटकन हलते. सीमाप्रश्न आपल्या जागी, पोराचं वर्ष आपल्या जागी. शेजारच्या कानडी बाईंकडनं लिहून घेतली मी, एका बाजूला कानडी एका बाजूला मराठी, म्हणजे सही कशावर करतोय ते आपल्यालाही कळतं.

दहावीचं आठवीपासूनच बघा. कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, तिन्हीचा उल्लेख आहे. आपल्या सीमाभागातल्या पोराला मराठी, कानडी, इंग्रजी असा तिहेरी भार, माझ्या थोरलीच्या वेळी एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीला, 625 पैकी 325 मार्क भाषांचेच होते, म्हणजे सवलत घेतली तर केवढा फरक पडतो बघा. केंद्राच्या नियमात तासाला किमान 20 मिनिटं जादा आहेत, तीन तासाच्या पेपरला एक तास झाला. आणि 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार ह्यांच्या केसमध्ये सांगितलंय, लिहिण्यात अडचण आहे एवढं सिद्ध झालं पाहिजे. सवलतीची मागणी शाळेतनं बोर्डाकडं जाते, म्हणून फॉर्म भरताना पाठीमागं लागा, हॉल तिकीट आल्यावर धावून उपयोग नाही. लेखनिकाबरोबर आधी चार-पाच चाचण्या द्यायला लावा. सांगून लिहून घेणं ही वेगळीच कला आहे, माझा पोरगा पहिल्यांदा नुसता त्याच्याकडं बघून हसत बसला.

शाळेनं नाहीच ऐकलं तर आधी बीईओ, मग डीडीपीआय, म्हणजे जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक. आपल्या जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिकोडी, निपाणीवाल्यांनी बेळगावला येऊन हेलपाटा घालू नये, तुमचं चिकोडी. महिनाभर उत्तर नाही आलं तर दहा रुपयाची आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका, माझ्या अमुक तारखेच्या अर्जीवर काय कारवाई केली एवढंच विचारा, 30 दिवसात उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर बंगळूरचे राज्य दिव्यांग आयुक्त, त्यांना चौकशी करायचे अधिकार आहेत. मला डीडीपीआयच्या पुढं जावं लागलं नाही, आरटीआयचा अर्ज पोचला आणि आठवड्यात शाळेतनं फोन आला.

पोर शाळेपर्यंत जाऊच शकत नसेल तर घरी शिक्षणाची सोय मागा, शिक्षण हक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं ती आलीय. गावात ग्रामपंचायतीला पुनर्वसन कार्यकर्ता असतो, व्हीआरडब्ल्यू म्हणतात, तो आधी गाठा, पेन्शन-कार्डाची कामं त्याला पाठ असतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व असेल तर निरामय विमा पण काढून ठेवा, वर्षाला 1 लाखापर्यंत आहे आणि थेरपीचा खर्च त्यात बसतो.

आणि फाईल एकच ठेवा, प्लॅस्टिकची, पावसात भिजत नाही अशी. आपल्याकडं जूनला शाळा आणि पाऊस बरोबरच सुरू होतात, आणि पहिल्याच आठवड्यात नवीन वर्गशिक्षकाला त्या कागदाची झेरॉक्स द्यायची असते.