जाहिरातीतली ‘ड्युअल बॅटरी’: ऑस्ट्रेलियात जुनी फोर-व्हील ड्राइव्ह घेणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियात बस्तान बसलं की बरीच मराठी कुटुंबं जुनी प्राडो, पजेरो किंवा हायलक्स शोधायला लागतात. विक्रीच्या जाहिरातीत बुलबार, स्नॉर्कल यांच्या रांगेत ‘ड्युअल बॅटरी’ हेही लिहिलेलं असतं. या दोन शब्दांवर विसंबून पैसे मोजू नका. आधी बॉनेट उघडा आणि खिशात एक साधा मल्टिमीटर ठेवा.

लोडशेडिंगच्या दिवसांत घरच्या इन्व्हर्टरला लावलेली ट्यूबलर बॅटरी आठवा. ती तासन्‌तास थोडा-थोडा करंट देते. गाडीची मूळ बॅटरी याच्या उलट वागते: पातळ प्लेटा, दोन-तीन सेकंद स्टार्टरला शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राकडून, भरून घ्यायचे. तिच्यावर रात्रभर फ्रीज चालवला तर सकाळी इंजिन फिरत नाही आणि दहा-पंधरा वेळा असं झालं की बॅटरीच संपते. म्हणून कॅम्पिंगच्या सामानासाठी डीप-सायकल जातीची, म्हणजे बरीच उतरवून पुन्हा भरता येणारी, दुसरी बॅटरी लावतात. गाडी चालू असताना दोन्ही भरतात, बंद असताना एकमेकींपासून तुटलेल्या राहतात. हे तोडण्या-जोडण्याचं काम कोण करतं, यावर सगळी व्यवस्था ठरते.

एक घोटाळा इथेच होतो. लँडक्रूझर २००च्या डिझेल व्ही-८ला कंपनीतूनच दोन बॅटऱ्या येतात, पण त्या समांतर जोडलेल्या आणि दोन्ही इंजिन सुरू करण्यासाठी असतात. त्यांतल्या एकीवर फ्रीज लावला तर सकाळी दोन्ही उतरलेल्या मिळतील.

तोडण्या-जोडण्याची जुनी पद्धत म्हणजे व्होल्टेज पाहून चालणारा आयसोलेटर, ज्याला इथे व्हीएसआर म्हणतात. मूळ बॅटरीचं व्होल्टेज १३.२-१३.३च्या वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.७-१२.८ला तोडतो. जुन्या अल्टरनेटरवर, जो कायम १३.८ ते १४.४ देतो, हे साधं यंत्र वर्षानुवर्षं चोख काम करतं. अडचण येते ती नव्या गाड्यांतल्या ‘स्मार्ट’ अल्टरनेटरमुळे. इंधन वाचवण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर हायवेवर व्होल्टेज १२.५च्या आसपास उतरवतो आणि ब्रेक लावला की १५पर्यंत चढवतो. मग व्हीएसआर सतत जोडतो-तोडतो आणि पाचशे किलोमीटर चालवूनही दुसरी बॅटरी अर्धीच राहते. अशा गाडीला डीसी-डीसी चार्जरच हवा. तो मिळेल ते व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवं तेवढं करून देतो.

तुमची गाडी कोणत्या जातीची, हे विकणाऱ्याला विचारत बसू नका. अर्धा तास चालवून आणा, इंजिन चालूच ठेवा, हेडलाइट व एसी बंद करा आणि मूळ बॅटरीवर मीटर लावा. १३.८ किंवा त्याहून जास्त स्थिर असेल तर जुना अल्टरनेटर. १३च्या खाली दिसलं किंवा आकडा वरखाली होत राहिला तर स्मार्ट. मग तोच मीटर दुसऱ्या बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना समजा १२.४ होतं, तर सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत १३.५च्या वर जायला हवं. आकडा हललाच नाही तर बॅटरी आहे, चार्जिंग नाही.

डीसी-डीसी चार्जर असेल तर एक बारीक वायर आवर्जून तपासा: इग्निशनची. स्मार्ट अल्टरनेटरवर ती जोडलेली नसेल, तर व्होल्टेज उतरताच गाडी बंद झाली असं समजून चार्जर थांबतो. आणि ती चुकून कायम चालू असलेल्या फ्यूजवर जोडली असेल, तर गाडी उभी असतानाही चार्जर मूळ बॅटरी शोषत राहतो.

आता वायर, कारण सगळ्यात जास्त कामं इथेच फसतात. ऑस्ट्रेलियात ऑटोच्या दुकानात ‘६ मिलिमीटर’ म्हणून मिळणाऱ्या वायरची ६ ही इन्सुलेशनसकट बाहेरची जाडी असते. आतलं तांबं फक्त साधारण ४.६ चौरस मिलिमीटर. भारतात आपण वायर चौरस मिलिमीटरवर घेतो, त्यामुळे नवीन माणूस हमखास फसतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर धरा. डिकीत बसवलेला २५ अँपिअरचा चार्जर ३० अँपिअरच्या आसपास ओढतो. या वायरमध्ये जवळजवळ १.४ व्होल्ट वाटेतच जातात. तेच ६ बी अँड एस (केबलच्या जाडीचं इथलं दुसरं माप), म्हणजे सुमारे १३.५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये अर्धा व्होल्टही जात नाही. बी अँड एसमध्ये आकडा लहान तितकी केबल जाड, हेही लक्षात ठेवा.

फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांजवळ हवेत, प्रत्येकीपासून शक्यतो ३० सेंटिमीटरच्या आत. केबलच्या दोन्ही टोकांना करंट देणारी बॅटरी आहे. मधे कुठे इन्सुलेशन घासून बॉडीला लागलं, तर एकाच टोकाचा फ्यूज उडून दुसरी बाजू जळतच राहते. २५ अँपिअरच्या चार्जरला बहुधा ४०चा मिडी फ्यूज (बोल्टने आवळायचा मोठा फ्यूज) लागतो; चार्जरच्या माहितीपत्रकातला आकडा अंतिम माना. स्वस्त सर्किट ब्रेकर बॉनेटखालच्या उष्णतेनेच उडतात, ते टाळा. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून (फायरवॉल) केबल जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट आहे का, हे हात घालून बघा.

मूळ बॅटरीच्या निगेटिव्हवर छोटा सेन्सर असेल, तर नवीन अर्थिंगची वायर त्या टर्मिनलवर न देता चॅसीवर द्या, रंग खरवडून. नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला करंटचा हिशेब चुकीचा मिळतो.

बॅटरी कोणती? ४०-५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला साधारण ३० ते ४५ अँपिअर-अवर खातो. १०० अँपिअर-अवरच्या एजीएममधून (बंदिस्त लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून) निम्मेच काढायचे, म्हणजे एका जागी एक दिवस. लिथियम आयर्न फॉस्फेटमधून ८० काढता येतात. पण ती बॉनेटखाली ठेवायची नाही, शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आणि व्हीएसआरला जोडायची नाही: नुसती पडून असतानाही ती १३.२-१३.३ व्होल्टवर असते, त्यामुळे व्हीएसआर वेळेवर तुटतच नाही. चार्जरवर बॅटरीचा प्रकार बरोबर निवडलाय का, तेही पाहा. एका जागी दोन-तीन दिवस मुक्काम असेल तर १५०-२०० वॉटचं सोलर पॅनल लागतंच. रोज वीस मिनिटं बीचपर्यंत गाडी नेऊन एजीएम भरत नाही. शेवटचा वीस टक्के भाग ती फार हळू घेते.

फ्रीज सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, खडबडीत रस्त्यावर तो प्लग सुटतो. करड्या रंगाचा, घट्ट बसणारा ५० अँपिअरचा अँडरसन प्लग लावून घ्या. हे सगळं नवीन बसवायचं असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि केबलचा आकार बिलावर लिहून मागा.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडसारख्या ६६० किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यावर लाटांसारख्या खडबडाने नट ढिले होतात. संध्याकाळी गाडी लावली की दोन्ही बॅटऱ्यांची टर्मिनलं, क्लॅम्प आणि चॅसीवरची अर्थिंगची वायर हाताने हलवून पाहा. त्यासाठी १० मिलिमीटरचा पाना, मल्टिमीटर आणि त्याच अँपिअरचे दोन जादा मिडी फ्यूज ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा.