बाल्टिक भाषा आणि लोकसाहित्यात संशोधन करायचं, तर सुरुवात कुठून?

आधी हद्द नीट आखून घ्या. बाल्टिक भाषा म्हणजे लिथुआनियन, लाटवियन, लाटवियाच्या पूर्व भागातली लाटगालियन आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपलेली जुनी प्रशियन. एस्टोनिया बाल्टिक देशांत मोडतो, पण एस्टोनियन भाषा फिनिशच्या कुळातली आहे. प्रवेशअर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात ही गल्लत दिसली, की वाचणारा पुढचं सगळं संशयानेच वाचतो.

लिथुआनियन आणि लाटवियन या दोन्ही भाषा एकदम सुरू करू नका. शब्द सारखे वाटतात आणि डोक्यात त्यांची खिचडी होते. तुलनात्मक भाषाशास्त्राकडे ओढा असेल तर लिथुआनियन आणि लोकगीतांकडे असेल तर लाटवियन आधी घ्या. पहिली पक्की झाल्यावर दुसरी वाचण्यापुरती शिकली तरी चालते. विल्नियस, काउनास आणि रिगा इथल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषावर्ग असतात, आणि दोन्ही देशांची सरकारं शिष्यवृत्त्याही देतात. उन्हाळी वर्गाचे अर्ज कित्येक महिने आधी बंद होतात, म्हणून हिवाळ्यातच चौकशीला लागा.

लिथुआनियनमध्ये खरा घाम फुटतो तो आघातामुळे, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा यामुळे. रोजच्या छपाईत आघातचिन्हं नसतात, त्यामुळे नवखा माणूस ती सोडून देतो आणि पुढे पस्तावतो. ‘शाउक’ या शब्दात जोर सुरुवातीला दिला तर अर्थ ‘गोळी झाड’ आणि शेवटाकडे नेला तर ‘ओरड’. लिहिताना दोन्ही सारखेच. नामांचे चार आघात-गट आहेत. गट ओळखायला दोनच रूपं तपासा: चतुर्थी अनेकवचन आणि द्वितीया अनेकवचन. दोन्हींत आघात मूळ शब्दावर असेल तर पहिला गट, फक्त द्वितीयेत प्रत्ययावर गेला तर दुसरा, फक्त चतुर्थीत गेला तर तिसरा, दोन्हींत गेला तर चौथा. वहीत शब्द उतरवताना गटाचा आकडा सोबत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. शे-दोनशे शब्द आकड्याविना साठले, की मागे जाऊन दुरुस्त करणं जिवावर येतं.

संस्कृत येत असेल तर मदत होते: ‘सूनुस’ म्हणजे मुलगा, ‘उग्निस’ म्हणजे अग्नी, ‘दूमस’ म्हणजे धूर. पण एवढ्यावर ‘जगातली सगळ्यात जुनी भाषा’ असं लिहून बसू नका. हे साम्य समान पूर्वज भाषेमुळे आहे, वयामुळे नाही. त्यापेक्षा जर्मन वाचता येणं जास्त उपयोगाचं. भाषाशास्त्रज्ञ एंडझेलिन्स यांचं १९२२ चं लाटवियन व्याकरण जर्मनमध्ये आहे, आणि जुने कोशही बरेचसे त्याच भाषेत. जुनी लाटवियन पुस्तकं गॉथिक वळणाच्या अक्षरांत आणि आजच्याहून वेगळ्या शुद्धलेखनात छापलेली आहेत. तेव्हा त्या लिपीचा सरावही आधीच करून ठेवा.

लोकगीतांकडे वळलात तर लाटवियन लोकगीतांचे संग्राहक क्रिश्यानिस बारोन्स यांच्याशी गाठ पडणारच. त्यांचा दाइनांचा, म्हणजे लाटवियन लोकगीतांचा, संग्रह १८९४ ते १९१५ या काळात छापला गेला आणि त्यात दोन लाखांहून अधिक पाठ आहेत. कागदाच्या चिठोऱ्या ज्यात लावून ठेवल्या ते सत्तर खणांचं कपाट आज रिगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि चिठोऱ्या संगणकावरही पाहता येतात. दाइना बहुधा चार ओळींची. आपल्या ओवीसारखी तीही दळताना गायली जाई. बारोन्सांनी एक पाठ पूर्ण छापला आणि त्याच्या रूपांतरांत जिथे फरक आहे तेवढाच भाग दिला. नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. फक्त मुख्य पाठ मोजून ‘अमुक प्रतिमा इतक्या वेळा येते’ असा निष्कर्ष काढला, तर तो संपादकाच्या निवडीचा हिशेब होतो, गाणाऱ्यांचा नव्हे. प्रत्येक पाठासाठी तक्त्यात क्रमांक, रूपांतर, नोंदीचं ठिकाण आणि संकलक असे वेगळे रकाने ठेवा. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय इतका लहान घ्या, की सगळी रूपांतरं हाताने तपासता येतील. दोनशे पाठ पुरेत.

पुराणकथांच्या बाबतीत हात आखडता घ्या. लिथुआनियाच्या पश्चिमेकडच्या झेमाइतिया प्रांतातल्या देवांची लासित्स्की या पोलिश लेखकाची यादी १६१५ साली छापली गेली ती ऐकीव माहितीवर, आणि तिच्यातली कित्येक नावं दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. एखादी देवता एकाच लेखकाकडे दिसत असेल तर ते प्रबंधात साफ लिहा.

नोकऱ्यांचं म्हणाल तर जागा मोजक्या. निव्वळ बाल्टिकचं अध्यासन फार थोड्या विद्यापीठांत आहे, त्यामुळे सामान्य भाषाशास्त्र, स्लाव्ह भाषा किंवा संगणकीय भाषासंग्रह (कॉर्पस) यांपैकी एक जोडविषय पक्का करा. पीएचडीसाठी विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक आधी निवडा. त्यांचे अलीकडचे तीन लेख वाचून मगच पत्र लिहा आणि पत्रात आपला प्रश्न पाच ओळींत मांडा. पहिला लेख मात्र सुटसुटीत असू द्या. विल्नियसहून १९६५ पासून निघणाऱ्या ‘बाल्टिस्टिका’ या नियतकालिकामध्ये भाषाशास्त्रावरचे लेख कसे बांधलेले असतात ते आधी पाहा, आणि लिथुआनियन उदाहरणांतलं एकही आघातचिन्ह गाळू नका.