गाडीवरचं रेडियम वर्षभरात का सुटतं? विनाइल निवडताना या चुका टाळा

गाडीवरचं अक्षर सुटलं की ते खरवडून फेकू नका. आधी उलटं करून बघा. ते का सुटलं हे बहुतेक वेळा त्याच्या पाठीवरच लिहिलेलं असतं.

सगळा गम अक्षराच्या पाठीला तसाच असेल आणि पत्रा स्वच्छ दिसत असेल, तर गम पत्र्याला कधी नीट धरलाच नव्हता. म्हणजे पत्रा तेलकट, धुळकट किंवा फार थंड होता. अक्षराचे पापडासारखे तुकडे पडत असतील आणि गम पत्र्यावरच राहत असेल, तर विनाइल आतून वाळलंय. अक्षराभोवती काळपट, चिकट रेघ दिसत असेल तर विनाइल आकसलंय. उघड्या पडलेल्या गमवर धूळ बसून ती रेघ झालीय. पहिली चूक लावणाऱ्याची. उरलेल्या दोन मात्र दुकानात रोल निवडला तेव्हाच झालेल्या असतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत जास्त त्याच असतात.

आपण सगळ्यालाच ‘रेडियम’ म्हणतो. त्यात रेडियम नसतं, असतं पीव्हीसी नावाचं प्लास्टिक. त्याच्या चिकट फिल्मलाच विनाइल म्हणतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. विनाइल किती टिकणार हे त्या प्लास्टिसायझरवर आणि फिल्म कशी बनवली यावर बरंचसं ठरतं.

स्वस्त रोल असतो मोनोमेरिक कॅलेंडर्ड. कणकेची पोळी लाटावी तसं गरम पीव्हीसी रुळांमधून दाबून काढतात. ताणून पातळ केलेली ही फिल्म ऊन लागलं की मूळ आकाराकडे परत जाऊ बघते, म्हणजेच आकसते. शिवाय तिच्यातल्या प्लास्टिसायझरचे रेणू लहान असल्याने ते हळूहळू बाहेर निघून जातात आणि फिल्म वाळते. पॉलिमेरिकही रुळांवरच बनतं, पण त्यात प्लास्टिसायझरचे रेणू लांब साखळीचे असतात, ते सहजासहजी निघत नाहीत. कास्टची रीत वेगळी. पातळ द्रव कागदावर ओतून भट्टीत सुकवतात. ओढाताण नाही, म्हणून आकसणंही नगण्य, आणि फिल्म उंचसखल पत्र्यावर निमूटपणे बसते.

आता सगळ्यांत महाग पडणारी चूक सांगतो: ‘जाड ते मजबूत’ हा समज. दिंडोरीकडचे एक बागायतदार पिकअप घेऊन आले होते. दोन नमुने बोटांत धरून पाहिले आणि म्हणाले, “दादा, हे पातळ नको, जाड द्या.” जाड होतं ते मोनोमेरिक. कास्ट साधारण 50 मायक्रॉनचं असतं, मोनोमेरिक 75 मायक्रॉनच्या पुढे. बोटाला जाड लागतं खरं, पण हौद्याच्या खाचा असलेल्या पत्र्यावर तेच आधी उचलतं, कारण खाचेत दाबून बसवलेली जाड फिल्म सरळ व्हायला धडपडत राहते. मी त्यांना दोन्ही नमुने खाचेत लावून दाखवले, हीट गन फिरवली आणि चहा होईपर्यंत थांबायला सांगितलं. तेवढ्यात जाड तुकड्याखाली पोकळी दिसायला लागली. मग जास्त बोलावं लागलं नाही.

म्हणून ‘स्क्वेअर फुटाचा भाव काय’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा विचारा की अक्षर गाडीच्या कुठल्या भागावर बसणार? सपाट दार किंवा फाळका असेल तर चांगलं पॉलिमेरिक पुरेसं आहे. तिथे कास्टचा आग्रह धरणाऱ्याला मी स्वतः थांबवतो. खाचा, रिव्हेट, बंपरची गोलाई असेल तर कास्टच. सिंहस्थात महिना-दोन महिन्यांसाठी लावायच्या पट्ट्यांना मोनोमेरिक चालेल, फक्त सहज निघणाऱ्या गमचं मागा, नाहीतर काढताना रंगाचे हाल होतात.

ब्रँडच्या नावावरही विसंबू नका. ‘ओराकल लावलंय’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ओराकल 651 कॅलेंडर्ड आहे आणि 951 कास्ट. नाव एक, माल वेगळा. नावाजलेल्या कंपन्यांच्या रोलला पाठच्या कागदावर बहुधा सिरीज छापलेली असते. तो कागद बघायला मागा. दाखवायला नकार देणाऱ्याकडे काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माहितीपत्रकातल्या वर्षांचाही असाच घोळ होतो. ‘सात वर्षं’, ‘दहा वर्षं’ हे आकडे सहसा उभ्या पृष्ठभागाचे आणि मध्य युरोपासारख्या सौम्य हवेचे असतात. नाशिकचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. बोनेट आणि टप तर आडवे, ऊन थेट डोक्यावर घेणारे. तिथलं आयुष्य दारावरच्या अक्षरांच्या निम्मं धरलं तरी ते उदार धरल्यासारखं होईल. बोनेटवर नाव हवंच असेल तर लहान ठेवा आणि ते लवकर बदलावं लागणार हे आधीच गृहीत धरा. फ्लुरोसंट रंग तर बाहेर कुठेही फार टिकत नाहीत. छापील डिझाइन असेल तर वर लॅमिनेशन हवंच, आणि कास्टवर कास्टचंच. इको-सॉल्व्हंट शाईतला सॉल्व्हंट उडायला एक-दोन दिवस लागतात. त्याआधी लॅमिनेशन केलं तर तो आत अडकून गम मऊ करतो. ‘संध्याकाळी छापून सकाळी लावून द्या’ हा हट्ट इथे नडतो.

आता लावतानाच्या चुका.

ताजा रंग ही त्यातली सगळ्यांत फसवी. एका शाळेच्या व्हॅनवर मी स्वतः ही चूक केली आहे. रंग हाताला सुका लागत होता, मालकांना घाई होती, मी लावून टाकलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या अक्षरांवर मोहरीएवढे फुगे. रंगातला थिनर अजून बाहेर पडत होता आणि त्याच्या वाटेवर मी झाकण ठेवलं होतं. सगळं काढून पुन्हा स्वखर्चाने लावलं, मुलांच्या गाडीवर तसलं काम ठेववेना. तेव्हापासून नव्या रंगाला किमान तीन आठवडे देतो. शंका असेल तर विनाइलचा तुकडा आदल्या दिवशी चिकटवून ठेवतो. चोवीस तासांत फुगे आले तर काम पुढे ढकलतो.

स्वच्छतेत आपल्या भागाची एक खास अडचण आहे. द्राक्षबागेत फिरणाऱ्या गाड्यांवर बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा थर बसलेला असतो. नुसतं पाणी मारून तो जात नाही. शांपूने धुवा, पूर्ण सुकवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपून घ्या. रॉकेल आणि डिझेल मागे तेलाचा पापुद्रा ठेवतात. थिनर रंगच खातो. सर्व्हिसिंगमधून नुकतंच पॉलिश होऊन आलेली गाडी दिसायला चकचकीत असते, पण त्यातल्या मेणावर आणि सिलिकॉनवर गम धरत नाही.

वेळही बघा. निफाडकडे थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो. दहाच्या खालीच गम आळसावतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत काम दुपारी करावं. मे महिन्यात उलट: उन्हात तापलेल्या पत्र्यावर विनाइल लगेच घट्ट धरतं, सरकवता येत नाही आणि ओढताना लांबतं. तेव्हा सकाळी लवकर, सावलीत. खाचांमध्ये कास्ट बसवून झाल्यावर पत्रकात दिलेल्या तापमानाला हीट गनने पुन्हा गरम करायचं असतं, तेव्हाच ते नवा आकार धरतं. घाईत नेमकी हीच पायरी वगळली जाते.

अक्षरांची टोकं जरा गोल ठेवा, टोकदार कोपरे आधी उचलतात. दाराच्या फटीवरून विनाइल सलग नेऊ नका. फटीत कापून कडा आत दाबा. नंबरप्लेटवर तर काहीच लावू नका, एचएसआरपीशी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटशी, छेडछाड चालत नाही.

लावल्यावर दोन-तीन दिवस गाडी धुऊ नका. जूनच्या तोंडाशी काम केलं आणि दुसऱ्याच दिवशी गाडी इगतपुरीच्या पावसातून कसारा घाट उतरली, तर कडांत पाणी शिरणारच. पुढेही प्रेशरचा पाइप अक्षराच्या कडेवर तिरका मारू देऊ नका, हातभर अंतरावरून सरळ मारायला सांगा.

आणि बिलावर कंपनी, सिरीज आणि रंगाचा नंबर लिहून घ्या. उद्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत कुणी एक दार ठोकलं, तर तेवढीच चार अक्षरं त्याच मालात बदलून मिळतात.